लिनक्सवर वायफाय टेस्टिंगसाठी यूएसबी अ‍ॅडाप्टर: कोणता घ्यावा आणि का

भाऊ, तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू शिरपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) नेटवर्क तपासायची साधनं असलेलं काली लिनक्स टाकलंय, पण त्यात वायफायचं कार्डच दिसत नाही, म्हणून यूएसबी अ‍ॅडाप्टर घ्यायचाय, बजेट दीड हजार, दुकानदार म्हणतो मोठ्या अँटेनाचा घे, रूममेट म्हणतो टीपी-लिंकचा ७२२एन घे, आता कोणाचं ऐकू. मी जळगावला असतो, जिनिंग, डाळ मिल, केळीचं कोल्ड स्टोरेज, हॉस्टेल अशा ठिकाणी वायफाय बसवायचं आणि बिघडलं की शोधायचं काम करतो, त्यामुळे हे अ‍ॅडाप्टर माझ्या बॅगेत कायम असतात. जरा सविस्तर सांगतो, कारण यात चुकीची वस्तू घेऊन पैसे घालवणारी पोरं मी खूप बघतो आणि ते बघून जिवाला लागतं, दीड हजार म्हणजे विद्यार्थ्याला काही कमी नाही.

सगळ्यात आधी एक, तुझा खरा प्रॉब्लेम "कोणता अ‍ॅडाप्टर" हा नंतरचा आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लॅपटॉपचं आतलं वायफाय कार्ड कधीच वायफाय म्हणून दिसत नाही, कालीला ते साध्या वायरच्या नेटवर्कसारखं दिसतं, ईटीएच० म्हणून. यात तुझं कार्ड खराब आहे असं काही नाही, व्हर्च्युअल मशीनची रचनाच तशी आहे. मग कार्ड मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे हवेतले वायफायचे पॅकेट (डेटाचे तुकडे) नुसते ऐकण्याच्या अवस्थेत, जातं की नाही हे तुला अजून माहीतच नाही ना. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी एक पेन ड्राइव्ह घे, कालीची लाइव्ह इमेज त्यावर टाक, लॅपटॉप त्यावरून बूट कर, हार्ड डिस्कला हात लावायची गरज नाही, आणि टर्मिनलमध्ये "आयडब्ल्यू लिस्ट" (iw list) चालव. भलंमोठं आउटपुट येईल, त्यात "सपोर्टेड इंटरफेस मोड्स" असा एक भाग असतो, त्याखाली मॅनेज्ड, एपी वगैरे नावं येतात, तिथे "मॉनिटर" लिहिलंय का बघ. इंटेलची बरीच कार्डं मॉनिटर मोड देतात. फक्त पॅकेट बघायचे, ते उघडून दाखवणारं वायरशार्क शिकायचं, बीकन (राउटर सतत देतो ती हाक) काय असतं, प्रोब (फोनने राउटर शोधणं) काय असतं हे समजून घ्यायचं एवढंच असेल तर तेवढ्यावर सुरुवातीचा बराच अभ्यास होतो, एक रुपया न घालता. इंजेक्शन म्हणजे आपण बनवलेले पॅकेट हवेत सोडणं, ते मात्र आतल्या कार्डांवर भरवशाचं नसतं, त्यासाठी आणि व्हर्च्युअल मशीनसाठी यूएसबीचा अ‍ॅडाप्टर लागतो, तिथे तुझी खरेदी योग्य आहे.

आता खरेदीकडे. अ‍ॅडाप्टरच्या डब्यावर जे जे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, म्हणजे कंपनी, एमबीपीएस, अँटेनाचे डीबीआय (अँटेनाच्या जोराचं माप), त्यातलं काहीच तुझ्या कामाचं नाही. कामाचं एकच, आतली चिप कोणती आणि त्या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, आधीपासून आहे का. मॉनिटर मोड आणि इंजेक्शन हे चिप, तिचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर या तिघांनी मिळून द्यायचं असतं, वरचं प्लास्टिक कोणाचं का असेना. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या डब्यात दोन वर्षांनी वेगळी चिप येते, आणि दुसऱ्या कुठल्यातरी नाव नसलेल्या स्टिकमध्ये चांगली चिप निघते.

रूममेट सांगतो तो टीपी-लिंक टीएल-डब्ल्यूएन७२२एन याचंच जिवंत उदाहरण. त्याच्या व्हर्जन १ मध्ये अ‍ॅथेरॉसची एआर ९२७१ चिप होती, ती या कामाला अतिशय चांगली, म्हणून यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत सगळे त्याचं नाव घेतात आणि ते तेव्हा बरोबरच होतं. पण व्हर्जन २ आणि ३ मध्ये रिअलटेकची आरटीएल ८१८८ईयूएस आली. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच, मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात व्हर्जन लिहिलेलं असतं तेवढाच फरक. आज दुकानात नवीन मागितलास तर व्हर्जन १ मिळणारच नाही, तो बंद झालाय. नवीन व्हर्जनवर मॉनिटर मोड मिळतो, नाही असं नाही, पण बाहेरून ड्रायव्हर आणून कंपाइल करायचा, कर्नलचा आधीचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा, आणि मग एखाद दिवशी काली अपडेट केलं की कर्नल बदलतो आणि अ‍ॅडाप्टर गायब. शिकणाऱ्याचा निम्मा वेळ ड्रायव्हरशी भांडण्यात जातो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून मी कर्नलमधल्या ड्रायव्हरचा एवढा आग्रह धरतो. कर्नलमध्ये असलेला ड्रायव्हर कर्नलबरोबरच अपडेट होतो, तू काही करायचं नाही, पिन लावली की चालू.

मग चिपा कोणत्या, तर मी ज्या वापरतो त्या सांगतो.

पहिली तीच एआर ९२७१. ड्रायव्हरचं नाव एटीएच९के_एचटीसी, २०१० पासून कर्नलमध्ये आहे, आणि हिचं फर्मवेअरसुद्धा ओपन सोर्स आहे, ही गोष्ट वायफायच्या जगात फार कमी चिपांच्या नशिबी आहे. मॉनिटर, इंजेक्शन दोन्ही एकदम पक्कं. अल्फाचा एडब्ल्यूयूएस०३६एनएचए यावरच आहे, आणि नाव नसलेल्या साध्या स्टिकही मिळतात, त्या साधारण तुझ्या बजेटमध्ये बसतात. हिची मर्यादा मात्र नीट समजून घे. ही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते, ५ गिगाहर्ट्झचं तिला काहीच दिसत नाही, आणि ही एका स्ट्रीमची (एका वेळी डेटाची एकच धार) एन पिढीची (वायफाय ४) चिप आहे, म्हणजे राउटर आणि फोन दोन स्ट्रीमवर किंवा एसी, एएक्स (वायफाय ५, ६) पद्धतीने बोलत असतील तर ते डेटा पॅकेट ही उलगडूच शकत नाही. बीकन, प्रोब, असोसिएशन (जोडणी), डीऑथ (जोडणी तोडणारा संदेश) हे मॅनेजमेंट फ्रेम (नेटवर्क सांभाळणारे पॅकेट) बहुतेक जुन्या संथ रेटवर जातात म्हणून ते दिसतात, आणि हँडशेकही (जोडताना पासवर्ड पटवून घेणारे मेसेज) बहुतेक वेळा मिळतो. पण "मला सगळा ट्रॅफिक का दिसत नाही" असा प्रश्न पडला तर कारण हे असतं, अ‍ॅडाप्टर बिघडलेला नसतो.

दुसरी मीडियाटेकची एमटी ७६१२यू. ड्रायव्हर एमटी७६ कुटुंबातला, कर्नल ४.१९ पासून आत आहे, म्हणजे २०१८ पासून. दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), दोन स्ट्रीम, एसी. अल्फाचा एडब्ल्यूयूएस०३६एसीएम यावर आहे. हा दीड हजारात येत नाही, थोडे थांबून पैसे जमवावे लागतील, पण माझ्या बॅगेतला सगळ्यात जास्त बाहेर निघणारा अ‍ॅडाप्टर हाच आहे. हिचीच धाकटी बहीण एमटी ७६१०यू, एका स्ट्रीमची पण दोन्ही बँडची, तीही चांगली.

तिसरी एमटी ७९२१एयू, वायफाय ६ची, कर्नल ५.१८ पासून. नवीन राउटरवर काम करायचं असेल, आणि तुझा कर्नल ताजा असेल, तर उत्तम. विद्यार्थ्याने पहिली खरेदी म्हणून एवढा खर्च करू नये असं माझं मत आहे.

आता आरटीएल ८८१२एयू, म्हणजे अल्फा एडब्ल्यूयूएस०३६एसीएच आणि त्याच्यासारखे कितीतरी. याचं नाव तुला सगळीकडे ऐकू येईल. रेंज खरंच चांगली आहे, इंजेक्शनही चालतं, एअरक्रॅक या वायफाय तपासायच्या साधनसंचावाल्यांनी याचा ड्रायव्हर बरीच वर्षं सांभाळला आणि कालीमध्ये त्याचं तयार पॅकेजही आहे. पण तो बरीच वर्षं कर्नलच्या बाहेर होता, कर्नल ६.१४ मध्ये आत्ता कुठे आत आला. शिवाय हा करंट जास्त खातो, लॅपटॉपच्या ढिल्या पोर्टवर किंवा स्वस्त हबवर मध्येच डिस्कनेक्ट होतो, आणि पुढे कधी रास्पबेरी पायवर लावलास तर हे फारच जाणवतं, पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. ज्याला ड्रायव्हरची सवय आहे त्याने खुशाल घ्यावा. पहिला म्हणून मी सांगत नाही.

दुकानदाराच्या अँटेनाबद्दल. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण तुझ्या उपयोगाचं नाही. अँटेना सिग्नल वाढवत नाही, आहे तेवढाच एका दिशेला जास्त ढकलतो. ९ डीबीआयचा उभा अँटेना आडव्या पातळीत लांब बघतो आणि वर-खाली आंधळा होतो, म्हणजे तू खोलीत खाली आणि राउटर वरच्या मजल्यावर असेल तर छोटा अँटेनाच बरा. तुझा टेस्टचा राउटर त्याच खोलीत टेबलावर असणार, तुला रेंज करायचीये काय. अँटेना स्क्रू करून काढता येतो एवढं बघ म्हणजे झालं, पुढे लागला तर बदलता येतो. नखाएवढे नॅनो अ‍ॅडाप्टर मात्र टाळ, आतला अँटेना नावाला असतो आणि तापतात लवकर. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५च्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नको, तिथे तासभर मॉनिटर मोडवर ठेवलेला नॅनो हातात धरवत नाही, आणि एकदा तापला की पॅकेट गाळायला लागतो आणि तू नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतोस.

दोन बँड खरंच लागतात का, याचं उत्तर तू काय तपासणार यावर आहे. एक उदाहरण देतो. जिनिंगच्या सीझनमध्ये एका मिलमध्ये काट्यावरचा कॉम्प्युटर सारखा नेटवर्कमधून सुटायचा, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि पावती निघेना. तिथले कॅमेरे, प्रिंटर, काट्याचा कॉम्प्युटर सगळं २.४वर. एआर ९२७१ची स्टिक लावली, राउटरच्याच चॅनेलवर लॉक केली, वायरशार्कमध्ये रिट्राय बिट लागलेले, म्हणजे परत पाठवावे लागलेले, फ्रेम फिल्टर केले, तर काट्याच्या कॉम्प्युटरचा जवळपास प्रत्येक फ्रेम दोन-तीनदा जाताना दिसला, आणि त्याच चॅनेलवर कॅमेऱ्यांची अखंड गर्दी. कॅमेरे दुसऱ्या चॅनेलवर हलवले, काट्याच्या खोलीत पत्र्याआड असलेला अ‍ॅक्सेस पॉइंट बाहेर काढला, काम झालं. तिथे एका बँडची स्वस्त स्टिक पुरली. आता हेच कॉलेजच्या हॉस्टेलवर गेलो तर पोरांचे फोन बहुतेक ५वर असतात, तिथे ही स्टिक लावली तर यादीत नेटवर्क दिसतं, कारण त्याच नावाचं २.४ही चालू असतं, पण क्लायंट एकही दिसत नाही, आणि नवीन माणूस गोंधळतो. तिथे एमटी ७६१२यूच लागतो. तुझ्या घरचा किंवा रूमवरचा जुना राउटर फक्त २.४चा असेल तर आज स्वस्त स्टिक घे, तिच्यावर सहा-आठ महिने आरामात शिकशील.

ऑनलाइन घेतोस तेव्हा लिस्टिंगमध्ये चिपचं नाव स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नको, आणि लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नको, वर एआर ९२७१ लिहून आत दुसरंच निघतं असं होतं. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी समोरासमोर घेत असशील तर लॅपटॉप सोबत ने आणि तिथेच लावून बघ, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. घरी पार्सल आलं तर उघडतानाचा व्हिडिओ काढ आणि त्याच दिवशी तपास, परत करायची मुदत संपल्यावर कोणी ऐकत नाही.

तपासायचं कसं ते नीट सांगतो. आधी "एलएसयूएसबी" (lsusb) चालव, अ‍ॅडाप्टर लाव, परत चालव, जी नवीन ओळ आली ती तुझी. त्यात आयडी असतो, कोलनच्या दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरं. एआर ९२७१ असेल तर तो ०सीएफ३:९२७१ येतो, एमटी ७६१२यू असेल तर ०ई८डी:७६१२. ७२२एन व्हर्जन २ असेल तर २३५७:०१०सी दिसेल, मग समजून जा. कधीकधी अ‍ॅडाप्टर लावल्यावर तो सीडी ड्राइव्हसारखा दिसतो, कारण आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, रिअलटेकच्या काही स्टिक असं करतात, ०बीडीए:१ए२बी असा आयडी येतो, तिथे त्याला वायफायच्या रूपात आणायला यूएसबी मोडस्विच लागतो. त्यानंतर "डीमेसेज" (dmesg) च्या शेवटच्या ओळी वाच. फर्मवेअर लोड फेल झालं अशी ओळ असेल तर चिप बरोबर आहे, फक्त फर्मवेअरचं पॅकेज टाकायचं राहिलंय, घाबरून परत पाठवू नको. मग "आयडब्ल्यू लिस्ट"मध्ये मॉनिटर आहे का, आणि दोन बँडचा घेतला असशील तर बँड १ आणि बँड २ दोन्ही दिसतात का. शेवटी एअरमॉन-एनजीने मॉनिटर मोड सुरू करून, चॅनेल स्वतःच्या राउटरच्या चॅनेलवर ठेवून, एअरप्ले-एनजीची (aireplay-ng) इंजेक्शनची टेस्ट चालव, "इंजेक्शन इज वर्किंग" अशी ओळ आली की माल पास.

यात एक ठेच सगळ्यांना लागते. एअरमॉनचं "चेक किल" दिलं की नेटवर्कमॅनेजर बंद होतो आणि लॅपटॉपचं इंटरनेटही जातं, मग पोरं म्हणतात अ‍ॅडाप्टरने नेट घालवलं. नंतर नेटवर्कमॅनेजर परत सुरू केला की येतं. मी तर तो बंदच करत नाही, "एनएमसीएलआय" (nmcli) ने फक्त त्या यूएसबी कार्डाला मॅनेज्ड नो करतो, म्हणजे आतलं कार्ड नेटला लागलेलं राहतं आणि यूएसबीचं मोकळं.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये वापरणार असशील तर मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये कंट्रोलर यूएसबी २ किंवा ३ निवड आणि अ‍ॅडाप्टरचा फिल्टर टाक. व्हर्च्युअलबॉक्स ७ च्या आधीचा असेल तर त्यासाठी एक्स्टेन्शन पॅकही टाकावा लागतो. तरीही अधूनमधून तुटत असेल तर त्यात रात्र घालवू नको, लाइव्ह पेन ड्राइव्हवरून काम कर, तिथे चाललं म्हणजे दोष व्हर्च्युअल मशीनचा. आणि अ‍ॅडाप्टर थेट लॅपटॉपला खोचण्यापेक्षा हातभर एक्स्टेन्शन केबलवर लाव. यूएसबी ३च्या पोर्टमधून आणि बाजूला लावलेल्या हार्ड डिस्कमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, इंटेलनेच २०१२ साली यावर पेपर काढला होता, केबलने तेवढं अंतर पडलं तरी फरक दिसतो. शिवाय लॅपटॉपच्या गरम हवेपासूनही लांब राहतो.

अजून एक, चांगला अ‍ॅडाप्टर घेऊनही हँडशेक मिळत नाही अशी तक्रार येते. पॅकेट पकडणारा एअरोडंप स्वतःहून चॅनेल बदलत फिरत असतो, हँडशेकचे चार मेसेज एका क्षणात होऊन जातात आणि त्या क्षणी तुझं कार्ड दुसऱ्याच चॅनेलवर असतं. राउटरचा चॅनेल नंबर देऊन त्यालाच तिथे बसव, मग आपल्याच फोनचं वायफाय बंद करून चालू कर, डीऑथ मारायची गरजही पडत नाही.

आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय, टेस्ट फक्त स्वतःच्या राउटरवर, किंवा मालकाने लेखी परवानगी दिली असेल तिथे. मी मिलमध्ये जातो तेव्हाही मालकाच्या सहीचा कागद खिशात असतो. हॉस्टेलच्या वायफायवर गंमत म्हणून डीऑथ मारलं तर कुणाची ऑनलाइन परीक्षा चालू असते, कुणी घरी बोलत असतं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये घुसणं किंवा ते बंद पाडणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढं शिकून करिअर तिथेच अडकवायचं नाही, भो. घरी एक जुना राउटर आणि जुना फोन ठेव, तीच तुझी लॅब. आधी राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवून डीऑथ काय करतो ते बघ, मग राउटरमध्ये पीएमएफ (मॅनेजमेंट फ्रेमचं संरक्षण) चालू कर किंवा नवी सुरक्षा डब्ल्यूपीए३ लाव आणि तेच परत करून बघ, फोन जागचा हलणार नाही. ते का झालं हे वायरशार्कमध्ये शोधलंस की पुढे कुठल्याही इंटरव्ह्यूला बोलायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

तर तुझ्या दीड हजारात आजच्या घडीला एआर ९२७१ची, अँटेना काढता येणारी स्टिक आणि एक एक्स्टेन्शन केबल. घरचा राउटर दोन बँडचा असेल आणि दिवाळीपर्यंत थांबता येत असेल तर थांब आणि एमटी ७६१२यू घे. त्याआधी लाइव्ह पेन ड्राइव्हवर "आयडब्ल्यू लिस्ट" आणि "एलएसपीसीआय" (lspci) चालवून जे येईल ते इथे टाक, तुझ्या आतल्या कार्डाची चिप बघून सांगतो की लगेच खरेदीची गरज आहे की नाही.